पिंकी नाकारणारं पिल्लू: आधी नकार ओळखा

प्रश्न असा आहे. कॉर्न स्नेक, म्हणजे घरी पाळला जाणारा अमेरिकेतला एक बिनविषारी साप, त्याचं पिल्लू, वय जेमतेम दोन महिने, घरी येऊन तीन आठवडे झालेले, वजन सात ग्रॅम. गोठवलेली पिंकी, म्हणजे अंगावर लवही न आलेलं उंदराचं नवजात पिल्लू, वितळवून दर दोन-तीन दिवसांनी चिमट्यात धरून त्याच्यासमोर नाचवली जाते आणि हे महाशय तोंड फिरवतात. एकदा रात्रभर आत ठेवून पाहिली, सकाळी तशीच पडलेली. आता तोंड उघडून भरवायची, की जिवंत पिंकी आणायची?

आत्ता यातलं काहीच करू नका. पुढचे सात दिवस पिंकी नको, हातात घेणं नको, झाकण उघडून ‘बघू तरी काय करतंय’ हेही नको. पाणी बदला आणि पुढे सांगितलं आहे तसं एकदा झटपट वजन करा, एवढंच. दर दोन दिवसांनी अंगावर काहीतरी चालून येतं, हे सात ग्रॅमच्या जिवाला जेवण वाटत नाही, धोका वाटतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक पिंकी आणि धोका यांची सांगड त्याच्या डोक्यात घट्ट होत जाते. न खाणाऱ्या पिल्लांपैकी बरीचशी नुसत्या अशा सुट्टीनंतर खायला लागतात. हा उपाय कोणालाच आवडत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नसतं.

या आठवड्यात तुमच्यासाठी दोन कामं आहेत. पहिलं म्हणजे ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांना विचारा: याने आजवर किती वेळा खाल्लं, काय खाल्लं, जिवंत की वितळवलेलं, वास लावलेलं की साधं, आणि शेवटचं कधी? ‘हो हो, खातं ना’ हे उत्तर धरू नका, तपशील मागा. तीन-चार जेवणं स्वतःहून झालेलं पिल्लू नव्या घरात थांबलं असेल तर दोष बहुधा घराच्या मांडणीत आहे. जन्मापासून एकदाही न खाल्लेलं पिल्लू असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, आणि त्याचे उपायही वेगळे.

दुसरं काम वजनाचं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. सात ग्रॅमच्या पिल्लाचे दहा टक्के म्हणजे ०.७ ग्रॅम, स्वयंपाकघरातला एकेका ग्रॅमचा काटा ही घट धड दाखवणारच नाही. आठवड्यातून एकदा, लहान झाकणाच्या डबीत घालून, झटपट वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. पाणी प्यायल्याने, शी केल्याने, कात टाकल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून एका नोंदीवरून घाबरू नका, तीन-चार नोंदींचा कल बघा. वजन टिकून असेल तर वेळ तुमच्या बाजूने आहे. घाई कधी करायची हे काटा सांगेल, किती दिवस उपाशी आहे यावरून ते ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘खात नाही’ एवढ्या माहितीवर उपाय सांगता येत नाही. नकार कसा देतं, हे सांगा. कारण नकाराचे निदान चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं कारण निराळं आहे.

काही पिल्लं पिंकी जवळ येताच मागे सरकतात, डोकं वेटोळ्याखाली खुपसतात, नाहीतर मान एसच्या आकारात आखडून शेपटी थरथरवतात. हा भुकेचा प्रश्नच नाही, ही भीती आहे. काही एक-दोनदा जीभ काढतात आणि पिंकीच्या अंगावरून सरळ पुढे चालू लागतात, जणू तो दगड आहे. त्यांना ते अन्न आहे हे कळलेलंच नाही. तिसरा प्रकार सगळ्यात चकवणारा: जीभ भराभर चालते, नाक पिंकीला टेकतं, डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगून होतं, आता खाणार असं वाटतं आणि मग निघून जातं. इथे ओळख अर्धीमुर्धी पटलेली असते, शेवटची कळ दाबली जात नाही. चौथं पिल्लू झडप घालतं, वेटोळं टाकतं, आणि मग सोडून देतं. त्याला भूक आहे, ओळखही आहे. पिंकीचा आकार, तिचा गारवा किंवा तुमची हालचाल आड येते आहे.

तुमच्या वर्णनावरून तुमचं पिल्लू पहिल्या प्रकारात दिसतं, कदाचित थोडं दुसऱ्यातही. ‘तोंड फिरवतं’ म्हणजे घाबरून फिरवतं की दुर्लक्ष करून, हे पुढच्या वेळी नीट बघा.

दुसऱ्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ‘साप म्हटला की उंदीर खाणारच’ हा समज इथे फार नडतो. सापाचं भक्ष्य ठरतं ते मुख्यतः वासावर. जीभ बाहेर येते ती गंधकण टिपायला. ते टाळूवरच्या जेकबसन अवयवापर्यंत जातात आणि हे खायचं की नाही याचा निवाडा तिथून सुरू होतो. अमेरिकेतले प्राणीवर्तनतज्ज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात याची सरळ परीक्षा घेतली. नुकत्याच जन्मलेल्या, आयुष्यात एकदाही न खाल्लेल्या सापांच्या पिल्लांपुढे त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या त्वचेचा अर्क लावलेले कापसाचे बोळे धरले. ज्या जातीचं निसर्गातलं खाद्य जे, त्याच अर्कावर त्या जातीच्या पिल्लांची जीभ जास्त चालायची, आणि काही तर बोळ्यावरच झडप घालायची. पुढे स्टीवन अर्नोल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या गार्टर सापांमध्ये आणखी मजेदार गोष्ट दाखवली. जात एकच, पण किनाऱ्याकडच्या सापांची नवजात पिल्लं बिनशंखाच्या गोगलगाई खातात आणि आतल्या भागातल्या सापांची बहुतेक पिल्लं त्यांना तोंड लावत नाहीत. आवडनिवड जन्मजात आहे, आणि एकाच जातीत ती सारखी असेलच असं नाही. एकाच वेळी अंड्यांतून निघालेल्या भावंडांत पंधरा पिंकीवर तुटून पडतात आणि दोन ढुंकूनही बघत नाहीत, ते यामुळेच.

कॉर्न स्नेकचं पिल्लू निसर्गात सुरुवातीला लहान सरडे आणि झाडावरचे बेडूक खातं. किंग स्नेक आणि मिल्क स्नेकची पिल्लं सरडे, शिवाय दुसऱ्या सापांची पिल्लं. वेस्टर्न हॉगनोज या सापाचा जीव टोड, म्हणजे खरखरीत कातडीचे भेक, आणि बेडकांवर. यातलं कोणीही अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या उंदराचं बीळ शोधत नाही. पिंकी ही आपली सोय आहे: गोठवता येते, पोषण पूर्ण देते, वर्षभर मिळते. तेव्हा पिल्लू हट्टी आहे असं म्हणू नका. त्याच्या लेखी तुम्ही ताटात भलतंच काहीतरी वाढलं आहे.

पण वासाच्या युक्त्यांकडे जाण्याआधी घराची मांडणी तपासा. सगळे लोक उलटं करतात, आधी पिंकीला ट्यूना माशाचा वास लावतात आणि मग थर्मामीटर बघतात.

कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजूचा तळ २८ ते ३० अंश सेल्सिअस हवा, थंड बाजू २३-२४ च्या आसपास. मोजायचं ते पिल्लू जिथे टेकतं तिथे, तारेच्या टोकाला सेन्सर असलेल्या डिजिटल थर्मामीटरने. भिंतीला चिकटवलेली गोल तबकडी तिथल्या हवेचं तापमान सांगते, आणि तेही मनाला येईल तसं. हीट मॅटला, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या चटईला, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर आज बसवा. तळ ४० च्या वर गेला तर पिल्लू थंड बाजूला चिकटून बसेल, त्याचं पचन मंदावेल आणि भूकही जाईल. अंग गार असलेला साप खात नाही, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण न पचलेली पिंकी पोटात सडते.

पेटी किती मोठी आहे? दोन-तीन फुटांच्या काचेच्या टाकीत एकच शोभेचं लाकूड आणि त्यात बोटभर पिल्लू, असं चित्र असेल तर प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. उघड्यावर बसलेलं पिल्लू जेवत नाही, कारण निसर्गात उघड्यावर बसलेलं पिल्लू स्वतःच कोणाचं तरी जेवण होतं. बुटाच्या खोक्याएवढा, हवेला भोकं असलेला प्लॅस्टिकचा टब पुरतो. तळाला टिश्यू पेपर, उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशी दोन लपणं. लपण इतकं अरुंद हवं की वेटोळं करून बसल्यावर अंग सगळीकडून टेकेल. मोठी टाकीच ठेवायची असेल तर ती चुरगळलेल्या कागदाने, पानांनी, पुठ्ठ्याच्या नळ्यांनी भरून टाका आणि तीन बाजूंना बाहेरून कागद लावा.

डोळे दुधाळ झाले असतील, अंगाचा रंग फिका पडला असेल तर कात येते आहे. ती टाकेपर्यंत काही देऊ नका. ज्यांच्याकडे अगदी नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू आहे त्यांनीही पहिली कात पडायच्या आधी प्रयत्न करू नये. ती साधारण सात ते चौदा दिवसांत पडते आणि तोवर ते पोटातल्या उरलेल्या बलकावर निभावतं.

आठवड्याची सुट्टी संपली की पहिला प्रयत्न असा करा. पिंकी आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळू द्या. मायक्रोवेव्ह वापरू नका, आतून शिजते आणि फुटते. देण्याआधी बंद पिशवीत घालून ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हाताला ऊबदार लागली पाहिजे, मधे गार गोळा राहता कामा नये. सर्वात लहान पिंकी निवडा. जाडी पिल्लाच्या अंगाच्या सर्वात जाड भागाएवढी किंवा त्याहून थोडी कमीच. खात असलेल्या सापाला वजनाच्या दहा-पंधरा टक्के चालतं, पण इथे उद्देश पोट भरण्याचा नाही, सुरुवात होण्याचा आहे. फार मोठी वाटली तर अर्धी करून द्या, त्यात काही बिघडत नाही.

संध्याकाळी, खोलीतला दिवा मालवून, पिंकी लपणाच्या तोंडाशी ठेवा आणि खोलीतून निघून जा. डोकावणं नाही, मोबाईलचा टॉर्च नाही. सकाळी बघा. राहिली असेल तर टाकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी.

यानेही नाही झालं तर डब्याची युक्ती. कॉर्न, किंग, मिल्क आणि हॉगनोजच्या पिल्लांना ही चांगली लागू पडते. झाकणाला भोकं पाडलेली लहानशी डबी, पिल्लू आत बसल्यावर फार जागा उरणार नाही एवढी. त्यात चुरगळलेला टिश्यू, पिंकी आणि पिल्लू. डबी त्याच्याच टबात, उबदार बाजूजवळ, अंधारात रात्रभर. थेट हीट मॅटच्या वर ठेवू नका, एवढ्या लहान डबीत पळायला जागा नसते आणि ती तापली तर पिल्लू मरतं. एवढ्याशा जागेत पिल्लू जिथे वळेल तिथे पिंकी, आणि आडोसाही मिळतो. ज्याला हात लावला तरी धडकी भरते त्याला मात्र डबीत हलवून काही साधणार नाही. त्याच्यासाठी लपणाचं तोंडच बरं.

जाता जाता: साप त्याच्या घरात खायला घातला तर हातावर तुटून पडायला लागतो, म्हणून दर वेळी वेगळ्या पेटीत न्यावा, हा सल्ला अजूनही फिरतो. तो विसरा. बुजऱ्या पिल्लाला जेवायच्या आधी उचलून हलवणं म्हणजे जेवण टाळायला त्याला कारण देणं.

भीती गेली, तापमान बरोबर आहे, आणि तरीही पिल्लू पिंकीकडे ती दगड असल्यासारखं बघतं आहे, तर आता वास. सुरुवात वास काढून टाकण्यापासून करा. पिंकी बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा, साबणाचा अंश राहणार नाही इतकी खळखळून धुवा, पुसून कोरडी करा, मग गरम करून द्या. पिंकीला तिच्या घरट्याचा, मुताचा, भुशाचा उग्र दर्प असतो. तो गेल्यावर काही पिल्लं कसलीही भर न घालता खातात. बिनखर्ची उपाय आहे, आणि लोक तो सर्वात शेवटी करतात.

त्यानंतरची पायरी किळसवाणी आहे, पण सांगायला हवी. पिंकीच्या कवटीला स्वच्छ सुईने टोचून आतला थोडा द्रव नाकाशी येऊ द्यायचा. तिसऱ्या प्रकारच्या पिल्लांना, म्हणजे हुंगून हुंगून निघून जाणाऱ्यांना, याने कधी कधी शेवटचा धक्का मिळतो. नाक टेकलेलं असतंच. आता जिभेला काहीतरी ओलं, मांसाचं लागतं आणि तोंड उघडतं.

मग भक्ष्याचा वास. कॉर्न आणि किंग स्नेकसाठी सरड्याचा किंवा पालीचा. कोणाकडे पाळलेला गेको, म्हणजे पालीच्या कुळातला सरडा, असेल तर त्याची कात मागून घ्या. तुकडा ओला करून पिंकीच्या नाकावर चिकटवा, किंवा कात घासून घ्या. उरलेली कात हवाबंद पिशवीत फ्रीजरमध्ये टिकते. रानातला सरडा किंवा बेडूक पकडून आणायच्या फंदात पडू नका. त्यांच्या अंगात कृमी असतात, अंगावर कीटकनाशक असू शकतं, आणि गोठवल्याने बरेच कृमी मरत असले तरी सगळे जंतू मरत नाहीत. सात ग्रॅमच्या पिल्लाला तेवढा संसर्ग पुरे.

टोडच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्याच्या त्वचेत विष असतं. हॉगनोज ते पचवतो, त्याची जातच टोडवर पोसलेली आहे. पण ‘हॉगनोजला चाललं ना’ म्हणून टोड घासलेली पिंकी कॉर्न स्नेकला देणं धोक्याचं. हॉगनोजच्या पिल्लांना टोडऐवजी पाण्यातल्या, मीठ नसलेल्या डबाबंद ट्यूनाचं किंवा सॅमन माशाचं पाणी बऱ्याचदा चालतं. पिंकी त्यात बुडवायची, निथळू द्यायची, द्यायची. हे वासापुरतंच. अनेक कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, त्यामुळे ‘पिंकी नाही तर मासा तरी’ असं करून मासाच खाऊ घालत बसलात तर पुढे मज्जासंस्थेचा त्रास ओढवतो. बिनमिठाचं चिकनचं पाणी हा आणखी एक साधा पर्याय. एका वेळी एकच वास वापरा, आणि कोणता वापरला ते वजनाच्या वहीत लिहा. ट्यूना, पाल आणि चिकन एकाच पिंकीवर चोपडलं आणि ती खाल्ली गेली, तर पुढच्या वेळी काय करायचं ते तुम्हाला कळणार नाही.

हॉगनोजचं अजून एक. हा दिवसा हिंडणारा साप आहे. कॉर्नसारखं रात्री अंधारात ठेवून वाट बघू नका. सकाळी, अंग तापल्यावर द्या. फणा पसरून फूत्कारतो, खोटी झडप घालतो, हे सगळं नाटक. चिडलेल्या हॉगनोजच्या तोंडापुढे पिंकी आली तर कधी कधी रागाच्या भरात तोंडात धरतो आणि मग तोंडात आहेच तर गिळून टाकतो.

यावरूनच डिवचण्याची पद्धत निघाली. चिमट्यातल्या पिंकीने पिल्लाच्या शेपटीकडच्या भागाला हलके हलके टोकत राहायचं, ते वैतागून वळून चावेपर्यंत. चावलं की जिथे आहात तिथे थिजून जा. हात हलवू नका, चिमटा सोडू नका, श्वास घेतलात तर हळू. पिंकी तोंडात राहिली की मिनिटा-दोन मिनिटांत जबडे चालायला लागतात. तापट पिल्लांना हे जमतं. भित्र्या पिल्लावर हे करू नका, ते नुसतं पळत राहील आणि तुमचा गेला आठवडा वाया जाईल. झाडावर राहणाऱ्या ग्रीन ट्री पायथनच्या पिल्लांना सुरुवात करून देताना हीच पद्धत रात्री, फांदीवर बसलेलं असताना वापरतात.

चौथ्या प्रकाराला, झडप घालून सोडणाऱ्याला, फार काही लागत नाही. पिंकी आणखी गरम, आणखी लहान, आणि झडपेनंतर तुम्ही पुतळा. समोरून, वरून पिंकी आणू नका; बाजूने, जमिनीलगत, उंदीर चालतो तशी आणा.

जिवंत पिंकीबद्दल विचारलंत. काही दिवसांच्या, डोळे न उघडलेल्या पिंकीला दात नसतात, तिच्यापासून पिल्लाला धोका नाही. तिची वळवळ आणि ऊब काही पिल्लांना चालना देते, आणि आयुष्यातलं पहिलं जेवण म्हणून माझा त्याला विरोध नाही. पण ती पिंकीसुद्धा जीव आहे, रात्रभर थंडीत तडफडत ठेवायची नाही. अर्ध्या-पाऊण तासात निकाल लागला नाही तर काढून घ्या. डोळे उघडलेला, अंगावर लव आलेला उंदीर मात्र कधीही सापाजवळ एकटा सोडू नका. उंदीर सापाला कुरतडून मारू शकतो, आणि न खाणारा साप स्वतःचा बचावही करत नाही.

बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान अजगर, याच्या पिल्लासाठी यातलं बरंचसं बदलतं. त्याचा प्रश्न वासाचा कमी आणि असुरक्षिततेचा जास्त असतो. उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२६, आणि लपण इतकं घट्ट की तुम्हाला क्रूर वाटावं. पिंकी त्याला फार लहान पडते, तिच्याकडे लक्षच जात नाही. साठ-सत्तर ग्रॅमच्या पिल्लाला अंगावर लव आलेला लहान उंदीर किंवा मोठ्या जातीच्या पाळीव उंदराचं, म्हणजे रॅटचं, पिल्लू द्यावं. त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. अंग कोमट आणि डोकं जास्त गरम असलेला उंदीर त्याला स्पष्ट दिसतो, म्हणून देण्याआधी डोक्याचा भाग पुन्हा गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरने ३८-४० अंशांपर्यंत न्या. अंधारात, लपणातून फक्त नाक बाहेर असताना, लांब चिमट्याने थोड्या अंतरावर हलवा. नाकावर आपटू नका. नायजेरियात झालेल्या एका अभ्यासात लहान बॉल पायथनच्या पोटात मुख्यतः पक्ष्यांची पिल्लं आढळली होती, त्यामुळे हट्ट चालूच राहिला तर कोंबडीच्या पिल्लाचं पीस उंदराला घासून पाहण्यात अर्थ आहे. आणि या जातीला सुट्टी जास्त द्या. सात दिवसांऐवजी दहा. चांगल्या अंगाचं बॉल पायथनचं पिल्लू उपास बराच काळ सोसतं; मालकाचा संयम त्याच्या निम्मादेखील टिकत नाही.

आता जबरदस्तीने भरवण्याकडे. वजन सुरुवातीपेक्षा दहा ते पंधरा टक्के उतरलं, पाठीचा कणा वर दिसू लागला, अंगाचा छेद गोलाऐवजी त्रिकोणी वाटू लागला, कातडीच्या उभ्या घड्या पडू लागल्या, पिल्लू हातात ढिलं पडू लागलं, तर प्रयोग थांबवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. श्वास घेताना शिट्टी, तोंडाशी फेस, तोंडात पिवळट चिकट थर, डोळ्यांभोवती काळ्या ठिपक्यांसारखे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक जीव, सारखं डोकं वर करून बघत राहणं, यातलं काही असेल तर वजनाची वाटही बघू नका. आजारी साप खात नाही, त्याला पिंकीची कोणतीही युक्ती चालत नाही.

साहाय्याने भरवणं म्हणजे मेलेल्या लहान पिंकीचं ओलं डोकं ओठांमध्ये अलगद सरकवायचं, दातांना अडकेपर्यंत धरायचं, पिल्लाला हळूच खाली ठेवायचं आणि न हलता थांबायचं. गिळायचं की थुंकायचं हे त्याच्यावर. ही शेवटची पायरी आहे, आणि पहिल्यांदा कोणाकडून तरी प्रत्यक्ष बघून शिका. नवजात पिल्लाचा जबडा काडीसारखा असतो, दात तुटले की तोंडात जखम होते, आणि जखमी तोंडाने ते पुढेही खात नाही. नळीने पातळ अन्न पोटात घालणं हे पशुवैद्याचंच काम.

समशीतोष्ण प्रदेशातल्या जातींच्या, म्हणजे कॉर्न, किंग, हॉगनोज यांच्या काही पिल्लांना दीड-दोन महिने १०-१३ अंशांवर थंडीत झोपवून उठवलं की ती भुकेली होऊन खायला लागतात. उपाय खरा आहे, पण तो अंगात चरबी असलेल्या पिल्लासाठी, आणि हे आधी केलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. बॉल पायथनला हे कधीच करू नका.

हात धुणं राहिलं. गोठवलेल्या उंदरांवरही साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. पिंकी घरच्या अन्नापासून वेगळ्या, बंद डब्यात. वितळवायचं भांडं वेगळं. काम झालं की साबणाने हात. पाच वर्षांखालच्या मुलांना या कामात घेऊ नका.

समजा एक दिवस सकाळी पिंकी गायब आहे आणि पिल्लाच्या मध्यावर फुगवटा आहे. आनंदाने उचलून फोटो काढू नका. त्या क्षणी हलवलं तर उलटी होऊ शकते, आणि उलटी झाली की पोटाला दहा ते चौदा दिवस विश्रांती देऊन पुन्हा आणखी लहान पिंकीने सुरुवात करावी लागते. किमान ४८ तास हात लावू नका. पाच-सहा दिवसांनी पुन्हा द्या, आणि ज्याने जमलं तेच तसंच करा: तोच वास, तीच डबी, तीच वेळ, तोच आकार. एकदा खाल्लं म्हणून लगेच मोठी पिंकी, साधी पिंकी, चिमट्याने, असं सगळं एकदम बदललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तीन वेळा सलग खाल्ल्यावर वास कमी करायला घ्या. आधी पूर्ण पिंकीला लावत होतात तर आता फक्त नाकाला, मग नाकावर पुसटसा. दुसरी युक्ती अशी की वासाची पिंकी अर्धीअधिक गिळून झाली की बिनवासाची दुसरी तिच्या मागच्या टोकाला अलगद टेकवायची. गिळण्याच्या तंद्रीत पिल्लू ती ओढून घेतं. दोन्ही मिळून त्याच्या नेहमीच्या मापाबाहेर जाऊ नयेत, म्हणून यासाठी पिंकीचे तुकडे वापरा. वास सोडल्यावर एखादं जेवण चुकलं तर लगेच वासाकडे परत धावू नका, एक आठवडा थांबून साधीच पुन्हा द्या. चार-पाच साधी जेवणं सलग झाली आणि वजन चढतं आहे असं दिसलं की मग त्याला हातात घ्यायला लागा, आधी पाच-पाच मिनिटं, आणि जेवणानंतरचे दोन दिवस सोडून.